पहाटेचें पाणी, बंदूक आणि कॅमेरा

वेल्समधील स्वान्सी शहराबाहेर पेनलरगेअर नांवाची एक विस्तीर्ण जमीनदारी होती. तिचे मालक जॉन डिल्विन लेवेलिन यांनीं १८५६ सालीं एक छायाचित्र घेतलें आणि त्यास ‘पिस्केटर, क्रमांक २’ असें नांव दिलें. पिस्केटर म्हणजे लॅटिन भाषेंत मासे धरणारा. पाण्याच्या कडेला एक राखी बगळा ध्यानस्थ उभा आहे. आतां चोंच खालीं जाईल आणि मासा वर येईल, अशी त्याची एकंदर ठेवण. मात्र त्या बगळ्याच्या चोंचींत मासा कधींच यावयाचा नव्हता. तो पेंढा भरलेला होता.

हें ऐकून हंसूं येईल. परंतु लेवेलिन कांहीं नवशिके नव्हते. छायाचित्रणाच्या जनकांपैकीं एक जे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट, त्यांच्या मावस बहिणीशीं लेवेलिन यांचा विवाह झाला होता, आणि ही विद्या तिच्या जन्मापासूनच त्यांच्या घरांत नांदत होती. १८५५ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्यांच्या ‘गति’ या नांवाच्या चित्रांस पदक मिळालें होतें. ज्या गृहस्थाला चालतें पाणी कांचेवर थांबवितां आलें, त्याला बगळा थांबवितां आला नाहीं! आणि बगळ्यासारखा स्थिर प्राणी दुसरा कोणता? आपल्याकडे तर ‘बकध्यान’ हा शब्दच पडला आहे. पण लाट आपण होऊन कांठाशीं येते. बगळा येत नाहीं. त्या काळीं कांचेवर रसायन ओतावयाचें, ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि सुकण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत नेऊन धुवावयाची, असा सारा खटाटोप असे. तंबू, तिवई, बाटल्या, बादल्या आणि एक-दोन मदतनीस एवढें बिऱ्हाड कांठावर उतरलें कीं बकध्यान कसलें टिकतें?

हा झाला पक्ष्याचा अडथळा. प्रकाशाचा अडथळा याहून विचित्र होता, आणि तो समजण्यासाठीं पहाटेच्या पाण्याचा स्वभाव ध्यानांत घ्यावयास हवा. स्वच्छ रात्रीं जमीन निवते, तिच्यावरची हवा जड होऊन तळाशीं बसते, आणि उजाडण्याच्या सुमारास वारा बहुधा पडलेला असतो. तळ्याचें पाणी त्या वेळीं आरशासारखें असतें. सूर्य वर आला म्हणजे कोठें खडक तापतो, कोठें ओलें शेत थंडच राहतें. या विषमतेमुळें झुळुका सुटतात, पाण्यावर शहारा येतो आणि प्रतिबिंब मोडतें. शिवाय पाण्याकडे सरळ वरून पाहिलें तर त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं जेमतेम दोन भाग परततात. नजर पाण्याच्या पातळीला टेकवून पाहिलें तर जवळजवळ सर्वच परततात. म्हणून प्रतिबिंब हवें असेल त्यानें कांठावर पोटावर निजावें, उभें राहूं नये.

आणखी एक मौज आहे. प्रतिबिंब म्हणजे पक्ष्याचें उलटें केलेलें चित्र, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाहीं. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखालीं नेऊन तेथून वर पाहिलें असतां पक्षी जसा दिसेल तसा तो प्रतिबिंबांत दिसतो. वरच्या पक्ष्याची पाठ दिसते, खालच्याचें पोट. एकाच कांचेवर एकाच पक्ष्याचीं दोन निरनिराळीं दर्शनें उमटतात. छायाचित्रकार या दृश्यासाठीं वेडे होतात याचें कारण येथें आहे. निव्वळ सौंदर्याची हौस एवढेंच तें नव्हे.

परंतु जुन्या कांचेला पहाट दिसतच नसे. तिच्यावरील चांदीच्या क्षारांवर निळ्या-जांभळ्या किरणांचा परिणाम होई. तांबड्या-पिवळ्या किरणांना ती जवळजवळ आंधळी होती. सूर्य क्षितिजाशीं असतां त्याच्या प्रकाशाला वातावरणाचा फार लांब थर ओलांडावा लागतो. वाटेंत निळे किरण विखुरले जातात आणि आपल्यापर्यंत पोंचतो तो मुख्यतः तांबूस सोनेरी उजेड. म्हणजे पाणी स्थिर असे तेव्हां कांचेजोगा प्रकाश नसे, आणि कांचेजोगा प्रकाश येई तेव्हां पाणी हललेलें व पक्षी पांगलेले असत. या पेचांत छायाचित्रणाचीं कित्येक दशकें गेलीं.

तोंवर पहाट होती ती बंदूकवाल्यांची. रात्रीच्या आणि चरण्याच्या जागांमधील पक्ष्यांची ये-जा झुंजुमुंजु होतां होतां चालते, हें शिकाऱ्यांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतें. इंग्लंडच्या दलदलींत सपाट होडीवर लांबलचक नळीची बंदूक बसवून शिकारी तींत आडवा पडे आणि पाण्यावर बसलेल्या थव्यावर एकच बार काढी. त्या एका बारांत कित्येक पक्षी लोळत. हा धंदा निदान पोटासाठीं होता. दुसरा धंदा टोप्यांसाठीं होता. आपल्याकडील पाणडुबीच्याच जातीचा, पण आकारानें मोठा व डोक्यावर तुरा असलेला ग्रीब नांवाचा पक्षी आहे. त्याच्या छातीचीं रेशमासारखीं पांढरीं पिसें बायकांच्या पोशाखांसाठीं इतकीं खपलीं, कीं १८६० च्या सुमारास इंग्लंडांत त्याच्या पन्नास जोड्याहि उरल्या नसाव्यात असा अंदाज आहे. पांढऱ्या बगळ्यांवर याहून मोठें संकट आलें. त्यांच्या पाठीवरचीं तलम पिसें विणीच्या हंगामांतच फुटतात. म्हणून त्यांस मारावयाचें तें घरट्यावर, पिलें तोंड उघडून बसलेलीं असतांना. हीं पिसें वजनास सोन्याहून महाग विकलीं जात. हिंदुस्थानांतूनहि तीं जात असत. येथील सरकारनें १९०२ सालीं त्यांच्या निर्यातीस बंदी केली, तरी चोरटा व्यापार चालू राहिला, आणि सिंधमध्यें तर लोक पिसांसाठीं बगळे पाळूं लागले.

कॅमेऱ्याची सुटका हळूहळू झाली. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरानें सरसाच्या जातीच्या जिलेटिनाची कोरडी कांच सुचविली. पुढें ती सुधारली, आणि तंबू-बादल्यांचें बिऱ्हाड सुटलें. १८८२ सालीं फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यानें कॅमेराच बंदुकीच्या आकाराचा केला. दस्ता खांद्याला, नळींत भिंग, आणि घोडा ओढला कीं फिरत्या तबकडीवर सेकंदाला बारा चित्रें. नेपल्सच्या समुद्रकांठीं तो कुरव पक्ष्यांवर नेम धरी. त्याला सौंदर्याशीं कर्तव्य नव्हतें. पंख कसा हलतो एवढेंच पाहावयाचें होतें. तरी बंदूक रोखली, घोडा ओढला आणि पक्षी उडत पुढें गेला, असा प्रकार जगांत बहुधा त्यानेंच प्रथम घडविला.

यॉर्कशरचे रिचर्ड आणि चेरी कर्टन हे बंधु यापुढचे. १८९५ सालीं त्यांनीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक सर्वस्वीं छायाचित्रांनीं सजविलें. पुढें तर पक्ष्यांस फसविण्यासाठीं कातडें पांघरलेला पोकळ बैल तयार करून त्यांत ते बसूं लागले. पेंढा भरलेल्या पक्ष्याची जागा पोकळ बैलानें घेतली, ही प्रगतीच म्हणावयाची.

पण या विद्येला पाण्यावर खरें घर मिळालें तें एमा टर्नर या बाईंच्या हातून. त्यांचा जन्म १८६७ चा. १९०० सालीं त्यांची रिचर्ड कर्टन यांच्याशीं गांठ पडली, आणि थोड्याच काळांत त्या नॉरफोक परगण्यांतील हिकलिंग नांवाच्या उथळ सरोवरावर काम करूं लागल्या. तो सारा प्रदेश बोरूच्या बेटांचा, चिखलाचा आणि धुक्याचा. तेथें बाईंनीं एक घरनौका बांधवून घेतली आणि तिला ‘वॉटर रेल’ या लाजाळू पाणपक्ष्याचें नांव दिलें, कारण त्या भागांत त्यांनीं पहिलें छायाचित्र घेतलें तें त्याचें. पुढें वीसांहून अधिक वर्षें दरवर्षीं कांहीं काळ त्या नौकेंत त्यांचा मुक्काम असे. कांठावरून पाण्याकडे जाणारा मनुष्य पक्ष्यांस परका. पाण्यावरच निजणारा व उठणारा मनुष्य त्यांच्या सवयीचा होतो, हें त्यांनीं ओळखलें, आणि हाच त्यांचा मोठा शोध म्हटला पाहिजे. ज्या तुरेवाल्या ग्रीबला टोप्यांनीं संपवीत आणलें होतें, त्याच्या घरट्यावरील चित्रासाठीं १९०५ सालीं रॉयल फोटोग्राफिक सोसायटीनें बाईंना सुवर्णपदक दिलें.

१९११ सालच्या जुलैंतील गोष्ट याहून मोलाची आहे. बिटर्न हा बगळ्याच्या कुळांतील, बोरूंत दडणारा पक्षी. त्याचा घुमणारा आवाज दूरवर जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें त्याची वीण थांबली होती. हिकलिंगचे रखवालदार जिम व्हिन्सेंट यांच्यासह टर्नरबाईंना बोरूंत त्याचें पिलूं सांपडलें, आणि त्याचें चित्र त्यांनीं घेतलें. पूर्वीं असा दुर्मिळ पक्षी आढळला कीं पुरावा म्हणून त्याचें कातडें संग्रहालयांत जाई. येथें पुरावा कांचेवर राहिला आणि पिलूं बोरूंत. बंदुकीचें एक जुनें समर्थन त्या दिवशीं निकालांत निघालें.

पक्ष्यांची बाजू लोकांपुढें मांडण्याचें काम मात्र एका ऑस्ट्रेलियन गृहस्थानें केलें. आर्थर मॅटिंग्ली यांनीं १९०६ सालीं मरे नदीच्या खोऱ्यांत मॅथूरा येथील बगळ्यांची वसाहत पाहिली. (नांव ऐकून कोणाला आपली मथुरा आठवली तर नवल नाहीं, दोहोंचा संबंध नाहीं.) कांहीं काळानें ते पुन्हां गेले, तों पिसेंवाले येऊन गेले होते. मेलेले पक्षी पाण्यांत तरंगत होते, आणि घरट्यांतील पिलें भुकेनें माना टाकीत होतीं. मॅटिंग्लींनीं तें सारें क्रमाक्रमानें टिपलें. १९०७ सालीं तीं चित्रें प्रसिद्ध झालीं. १९११ सालीं लंडनच्या पक्षिसंरक्षक संस्थेनें तीं मोठीं करून फलकांवर लावलीं आणि फलक गळ्यांत अडकविलेले लोक पिसांच्या टोप्या विकणाऱ्या दुकानांच्या रस्त्यांवरून फिरविले. ब्रिटनमध्यें पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा झाला तो १९२१ सालीं. दहा वर्षें लागलीं. परंतु व्याख्यानांनीं जें साधलें नव्हतें त्यास त्या मुक्या पिलांनीं हात घातला, यांत शंका नाहीं.

अमेरिकेंत ऑरेगन व कॅलिफोर्निया यांच्या सीमेवरील लोअर क्लॅमथ सरोवरावर विल्यम फिनली व हर्मन बोलमन हे दोघे मित्र १९०५ सालीं होडींतून हिंडले. त्यांचीं चित्रें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढें गेलीं, आणि ऑगस्ट १९०८ मध्यें तें सरोवर पाणपक्ष्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. रूझवेल्ट स्वतः नामांकित शिकारी होते, हें येथें सांगितलें पाहिजे. दुर्दैव असें कीं पक्ष्यांस अभय मिळालें तरी पाण्यास मिळालें नाहीं. शेतीच्या योजनेपायीं पुढल्या दहा-पंधरा वर्षांत तें सरोवर आटविण्यांत आलें. छायाचित्रानें बंदूक थांबते, कालवा थांबत नाहीं.

इकडे कांचेचे डोळे उघडत होते. जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेल यानें १८७३ सालींच दाखविलें होतें कीं विशिष्ट रंग मिसळल्यास कांचेला हिरवा व पिवळा प्रकाशहि कळूं लागतो. तांबड्यासह सर्व रंग ओळखणाऱ्या कांचा १९०६ पासून इंग्लंडांत बाजारांत मिळूं लागल्या. १९३५ सालीं निघालेली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म इतकी मंद होती कीं पहाटेस तिचा फारसा उपयोग नसे. कॅमेऱ्यांतून फिल्मच गेली आणि तिच्या जागीं विजेची चकती आली, तेव्हां कोठें झुंजुमुंजु उजेडांत पोहणारा पक्षी व त्याची छाया दोन्ही सुबकपणें हातीं लागूं लागलीं.

हिंदुस्थानांतील पहाट बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे कशी गेली, हें भरतपूरच्या केवलादेव सरोवरावर पाहावें. तेथें १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनीं ४,२७३ पक्षी मारले. हा आंकडा शत्रूनें सांगितलेला नाहीं. यजमानांनींच तो अभिमानानें दगडांत कोरून ठेवला आहे. १९५६ सालीं तेथें अभयारण्य झालें, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शिल्लक होता. १९८५ सालीं तें स्थान जागतिक वारशांत गणलें गेलें. ज्या वाटांनीं शिकारी मचाणाकडे जात त्यांवरून हिवाळ्यांत आतां कॅमेरेवाले जातात, आणि तो शिलालेख वाचून पुढें होतात. मात्र ज्या सैबेरियन क्रौंचांसाठीं भरतपूरची ख्याति होती ते २००२ नंतर तेथें उतरलेले नाहींत. त्यांचीं चित्रें तेवढीं आहेत.

महाराष्ट्रांत हेंच दृश्य भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर दिसतें. धरण पुरें झालें १९८० सालीं; त्यापूर्वीं तेथें शेतें व गांवें होतीं. हिवाळ्यांत भिगवण व कुंभारगांवच्या बाजूस रोहित पक्षी उथळ पाण्यांत चरावयास येतात, आणि तेथील मच्छिमार उजाडण्यापूर्वींच कॅमेरेवाल्यांना नावांतून घेऊन निघतात. कित्येक उतावळे गिऱ्हाईक नाव आणखी जवळ घ्या म्हणून धोशा लावतात, आणि कांहीं नावाडी पैशासाठीं ऐकतातहि. थवा उडाला कीं पक्ष्यांचें चरणें तुटतें. पण नाव पुढें रेटली कीं तिच्या नाकापासून तरंग निघतात, आणि पक्षी उडण्याआधींच त्यांच्या छायेचे तुकडे होतात. जाणता नावाडी लांबच थांबतो, वल्हें आडवें ठेवतो आणि पाणी पुन्हां निवळण्याची वाट पाहतो.