तारांचा मालक कोण?

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राकडून निघालेले लोखंडी मनोरे आपल्या रोजच्या पाहण्यातले. त्यांच्यावरच्या तारा सरकारच्या असाव्यात की कंपनीच्या? हे कोणी ठरवायचे, आणि ठरवणाऱ्याला कोणाचा लगाम?

१९३५च्या कायद्यात वीज हा विषय केंद्र आणि प्रांत या दोघांकडे होता. आपल्या राज्यघटनेनेही तो समवर्ती सूचीत, ३८व्या क्रमांकावर ठेवला. दोघांच्या कायद्यांत विसंगती आली, तर सामान्यतः केंद्राचा कायदा चालतो. राज्याला हा पहिला लगाम.

मालकी मात्र बदलत राहिली. १९१५मध्ये टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली, ती खासगी तारांवरून. १९४८च्या कायद्याने राज्यांच्या वीज मंडळांची वाट मोकळी केली. महाराष्ट्राने १९७६मध्ये कायदा दुरुस्त करून, खासगी वीज कंपन्या ताब्यात घेताना बाजारभाव देण्याचे बंधन काढले. ठाण्याची कंपनी न्यायालयात गेली. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. वीजव्यवस्था समाजाच्या हितासाठी घेतली जात आहे, हा त्याचा आधार होता.

मग वारे फिरले. १९९८मध्ये पारेषणाचे दार खासगी भांडवलाला उघडले, २००३चा वीज कायदा आला आणि २००५मध्ये राज्य मंडळाची विभागणी होऊन महापारेषण जन्माला आली.

पुढचा वाद मुंबईच्या विजेचा. पालघर जिल्ह्यातील कुडूस ते आरे या १००० मेगावॅटच्या वाहिनीचा परवाना २०२१मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने स्पर्धात्मक निविदेविना अदानी समूहातील कंपनीला दिला. टाटा पॉवरने आव्हान दिले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. निविदा हाच एकमेव मार्ग आहे, असे २००३चा कायदा म्हणत नाही; राज्यांना निवडीची मोकळीक आहे, असा निर्वाळा दिला. पण त्याच निकालात, दर ठरवण्याचे नियम तीन महिन्यांत करा, असे सर्व राज्य आयोगांना बजावले.

२०२४मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी एक रेघ ओढली: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही.

घटना तारांचा मालक ठरवून देत नाही. सरकारने तारा घ्याव्यात किंवा कंपनीला द्याव्यात. मात्र ते कायद्याने व्हावे, मनमानीने नव्हे, एवढाच तिचा आग्रह. मालक कोणीही असो, वाहिनीचा खर्च शेवटी आपल्या बिलात उतरतो. म्हणून नियम होताना आयोग हरकती मागवतो, तेव्हा ती जाहिरात वाचायला हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)