नादार कैद्याची फिर्याद

न्याय विकत मिळूं नये हें तत्त्व सर्वमान्य आहे; आणि न्यायालयाचा उंबरठा ओलांडतांना फी भरावी लागते हाहि बहुतेक देशांचा रिवाज आहे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीं इंग्लंडांत १४९५ सालीं, सातव्या हेन्रीच्या अमदानींत, गरिबांस फीवांचून दावा लावण्याची मुभा देणारा कायदा झाला. आपल्याकडील 'नादारी दावा' त्याच परंपरेंतला. आज सांगावयाची आहे ती अमेरिकेची हकीगत. कारण तेथें हा प्रश्न नादारांतल्या नादाराच्या, म्हणजे कैद्याच्या, बाबतींत उभा राहिला.

सरकारी अंमलदारानें घटनादत्त हक्क तुडविल्यास त्याजवर दावा लावण्याचा अधिकार अमेरिकन नागरिकांस १८७१ सालीं मिळाला. मात्र त्याच वर्षीं व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयानें कैदी हा शिक्षा भोगीपर्यंत राज्याचा गुलामच होय, असा निवाडा दिला. २० जुलै १८९२ च्या कायद्यानें, दारिद्र्याचें प्रतिज्ञापत्र करणाऱ्या नागरिकास संघीय न्यायालयांत आगाऊ फीची सूट मिळाली. परंतु तुरुंगाच्या भिंतींपलीकडे तिचा लाभ पोहोंचण्यास फार काळ लागला.

१९४१ सालीं मिशिगनच्या एका कैद्याच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, बंदिवानाचा सुटकेचा अर्ज तुरुंगाधिकाऱ्यांनीं अडवूं नये. आयोवा राज्यांत अशा अर्जास ४ डॉलर फी पडे. रक्कम क्षुल्लक, पण ज्याजवळ तेवढेहि नाहींत त्यास दार बंदच. १९६१ सालीं ती अटहि घटनाबाह्य ठरली. पुढें १९६४ सालीं, धार्मिक पुस्तकें नाकारल्याची इलिनॉयमधील एका कैद्याची तक्रार १८७१ च्या कायद्याखालीं चालविण्यास योग्य ठरली, आणि कैद्यांस दाव्याचा मार्ग मोकळा झाला.

मग दाव्यांचा ओघ सुरू झाला. १९९५ सालीं संघीय न्यायालयांत असे सुमारे ३९ हजार दावे दाखल झाले. त्यांत पोकळ दावेहि पुष्कळ होते, हें मान्य केलें पाहिजे. शेंगदाण्याच्या लोण्याचा प्रकार चुकला म्हणून कैदी कोर्टांत गेला, ही गोष्ट राजकारणी लोक हंसत हंसत सांगूं लागले. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनीं कागद तपासले, तेव्हां निराळेंच निघालें. चुकीची बरणी परत घेतली गेली. बदली बरणी येण्यापूर्वींच कैद्यास दुसऱ्या तुरुंगांत हलविलें. आणि न मिळालेल्या मालाचे अडीच डॉलर त्याच्या खातीं तसेच पडून राहिले!

तथापि २६ एप्रिल १९९६ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें नवा कायदा अमलांत आला. त्यानें कैद्याची फी माफ न ठेवतां हप्त्यांनीं वसूल करण्याचें ठरविलें. आरंभीं मागील सहा महिन्यांच्या सरासरी जमेच्या किंवा शिलकेच्या, जी अधिक असेल तिच्या, २० टक्के. नंतर खात्यांत १० डॉलरांहून अधिक असतील तेव्हां मागील महिन्याच्या जमेच्या २० टक्के. अगदींच निष्कांचनास दावा लावण्यास मनाई नाहीं. पण ऋण उभें राहतेंच, दावा फेटाळला तरी. तीन दावे पोकळ ठरले तर, शरीरास गंभीर इजेचा धोका समोर असल्याखेरीज, हप्त्यांची सवलतहि संपते. अनेक दावे असल्यास प्रत्येकाचे २० टक्के एकदम कापावे, असा निर्णय २०१६ सालीं सुप्रीम कोर्टानें दिला.

हिशेब करून पाहावा. २००६ सालीं ही फी ३५० डॉलर झाली. संघीय तुरुंगांत साध्या कामाची मजुरी ताशीं १२ सेंटांपासून सुरू होते. त्या दरानें सगळी मजुरी दिली तरी एका दाव्याच्या फीसाठीं २,९०० हून अधिक तास राबावें लागेल.

कैद्यांची संख्या वाढत असतांहि १९९७ सालीं दावे सुमारे २६ हजारांवर आले. न्यायालयांचा भार हलका झाला खरा. परंतु फी ही फिर्यादीचा खरेपणा पारखीत नाहीं, फिर्याद करणाराची ऐपत पारखते. जे १३ हजार दावे दारांतूनच परतले, त्यांत खरे किती होते हें सांगणारा दफ्तरखाना कोठेंच नाहीं.