नाशिक : नदीकाठचे नागर जीवन (एकोणिसावे शतक)

गोदावरीतीरावरील नाशिक या क्षेत्रनगरीत पेशवाईच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रूढ असलेली दैनंदिन जीवनाची रीत. गोदावरी त्र्यंबकेश्वर येथील ब्रह्मगिरीवर उगम पावून सु. ३० किमी. पूर्वेस नाशिकात येते आणि रामकुंडाजवळ दक्षिणेकडे वळते. उजव्या तीरावर मूळ गाव व डाव्या तीरावर पंचवटी, अशी वस्तीची जुनी विभागणी आहे. मोगल अमदानीत गुलशनाबाद या नावाने ओळखले जाणारे हे गाव १७५१ च्या सुमारास पेशव्यांकडे आले व त्याचे जुने नाव पुन्हा रूढ झाले. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६४ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली व १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या जेमतेम २१,५०० होती. जिल्ह्याचे ठाणे असूनही पायी फिरून येता येईल एवढेच ते गाव होते.

नाशिककरांच्या बोलण्यात नदी ‘गोदावरी’ क्वचितच असे; ती ‘गंगा’च. ‘गंगेवर जाणे’ या एका शब्दप्रयोगात स्नान, धुणे, पाणी भरणे, श्राद्ध, बाजार आणि संध्याकाळचे फिरणे ही सर्व कामे येत. पहाटे स्नानसंध्येसाठी येणारे पुरुष, त्यांच्यामागून हंडा-कळशी घेऊन येणाऱ्या स्त्रिया आणि उन्हे वर आल्यावर धुण्याचे पिळे असा घाटाचा दिनक्रम ठरलेला होता. मोठ्या वाड्यांतून आड असत. ज्यांना परवडे ते पाणक्या ठेवीत. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला, की कुंडांत साठलेल्या पाण्यावर सगळ्यांचीच भिस्त असे. पिण्याचे, आंघोळीचे व अस्थिविसर्जनाचे पाणी एकमेकांपासून फार दूर नव्हते. पटकीच्या साथी यात्रेच्या पाठोपाठ येत त्या याचमुळे. परंतु ज्या पाण्याने पाप धुतले जाते तेच रोग पसरविते, हे नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना लोकांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते.

गावाचा चरितार्थ यात्रेकरूंवर चाले. त्यात तीर्थोपाध्यायांचे स्थान पहिले. यात्रेकरूंचे गाव, कूळ, पूर्वी येऊन गेलेल्यांची नावे आणि सह्या ते आपल्या वह्यांत नोंदवीत. नव्याने आलेल्या यजमानास त्याच्या आजोबांचे अक्षर दाखविले, की तो अन्य उपाध्यायाकडे जात नसे. धंद्याची मालकी सिद्ध करण्यासाठी ठेवलेल्या या वह्या आज कुलवृत्तान्तांच्या अभ्यासकास अनेक सरकारी दप्तरांहून अधिक उपयोगी पडतात. उपाध्यायांच्या आधाराने न्हावी, फुलवाले, पेढेवाले, धर्मशाळांचे व्यवस्थापक असा मोठा वर्ग जगे. तांबटांची गोष्ट थोडी निराळी आहे. तांब्या-पितळेची भांडी हा नाशिकचा स्वतःचा उद्योग होता. त्याचे गिऱ्हाईक यात्रेपुरते मर्यादित नव्हते. तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज दिवसभर चाले व तो थांबला, की गावात सुतक किंवा सण आहे असे समजावे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात मात्र गावाची घडी विस्कटून जाई. वैष्णव आखाडे नाशिकास व शैव आखाडे त्र्यंबकेश्वरास स्नान करतात, ही वाटणी पेशवेकाळातील तंट्यांनंतर स्थिर झाली.

दर बुधवारी नदीच्या पात्राकाठी आठवड्याचा बाजार भरे व खेड्यांतून धान्य, भाजी, घोंगड्या, दोरखंड घेऊन माणसे येत. घाटावरचा हा बाजार आजही भरतो. गावाच्या आतील भाग अरुंद बोळांचा, लाकडी सज्जांच्या वाड्यांचा होता. रंगपंचमीस काही चौकांतील दगडी रहाडी उघडून त्यांत रंगाचे पाणी भरीत आणि त्यांत उड्या घेत. वर्षभर त्या बुजवून ठेवलेल्या असत. ही चाल अद्याप टिकून आहे.

पुराचे मोजमाप लोकांनी स्वतःच ठरविले होते. सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या आणि पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोहोचले की नाही, यावरून पूर लहान की मोठा हे ठरे. नारोशंकराचे देऊळ १७४७ मधील. त्यावरील पोर्तुगीज घंटा वसईच्या मोहिमेतील (१७३९) विजयाची खूण मानली जाते. १८७२ चा पूर दीर्घकाळ कालगणनेचा आधार होता. पुढे १९६९ आणि २००८ च्या पुरांनी त्याची जागा घेतली. पूल होण्यापूर्वी पंचवटीस जाण्यासाठी उन्हाळ्यात पात्रातून चालत व पावसाळ्यात होडीने जावे लागे. १८९० नंतरच्या दशकात व्हिक्टोरिया पूल (सध्याचा अहिल्याबाई होळकर पूल) झाला आणि ही अडचण संपली. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाल्यावर मुंबईची यात्रा वाढली. स्थानक मात्र गावापासून सु. ८ किमी. दूर राहिले. त्यामुळे टांगेवाल्यांचे फावले व पुढे घोड्यांची ट्रामही धावली.

घाटावर सर्वांना सारखा वाव नव्हता, ही बाब यात्रावर्णनांत सहसा आढळत नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींना कुंडांत उतरण्यास बंदी होती. ज्या नदीस सर्वांची माता म्हणत, तिचे पाणी कोणी कोठे घ्यावे याचे नियम देवळाच्या नियमांइतकेच कडक होते. सफाईची कामे ज्यांच्या श्रमावर चालत, त्यांनाच या पाण्यापासून दूर ठेवले जाई. ही व्यवस्था प्रथम उघडपणे हादरली ती २ मार्च १९३० रोजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला. स्थानिक संघटनेची मोठी जबाबदारी भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी उचलली. मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले. त्याच वर्षी रामनवमीच्या रथयात्रेच्या वेळी दगडफेक झाली. रामकुंडातील स्नानाच्या हक्काचा प्रश्नही या लढ्यात पुढे आला. सुमारे पाच वर्षे चाललेल्या या सत्याग्रहाला मंदिर न उघडताच विराम मिळाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.