सेवकाचे अभय
इ. स. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगमुळे जन्मास आला; आमचा उत्तर कानडा जिल्हाही तेव्हा त्याच इलाख्यात होता. रोग्यास विलग करण्याचे अधिकार त्याने सरकारास दिले आणि सद्‌हेतूने वागणाऱ्यास दाव्यापासून अभय दिले. पण रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याच्या श्वासास अभय कोणाचे? त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले निवर्तल्या. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगात डॉ. वू लिएन-तेह यांनी सेवकांस कापसाचा मुखपट्टा बांधावयास लावला. तो नाकारणारा एक फ्रेंच डॉक्टर दगावला. २०२० च्या दुरुस्तीने सेवकांवरील हल्ल्यास कठोर शासन ठरविले. परंतु जोयड्याच्या रानातील विखुरलेल्या वस्त्यांत परिचारिकाच आजारी पडली, तर रोग्याने कोणाकडे पाहावे? मुखपट्टा हा सेवकावर उपकार नव्हे. तो त्याचा हक्क होय, असे आम्ही मानतो.