चार अक्षरें आणि एक तळें

इंग्रजी कोशांत पी, आर, आय, व्ही या चार अक्षरांनीं आरंभ होणारे तीन शब्द जवळजवळ बसलेले आढळतात. प्रायव्हेट म्हणजे खासगी, प्रायव्हेशन म्हणजे वाण किंवा हिरावलें जाणें, आणि प्रिव्हिलेज म्हणजे विशेष अधिकार. तिघांचें मूळ लॅटिनमधील 'प्रिव्हस', म्हणजे एकट्याचें. सर्वांपासून वेगळें काढलें तें प्रायव्हेट. वेगळें काढतांना दुसऱ्यास जें मुकावें लागलें तें प्रायव्हेशन. आणि कायदावाचक 'लेक्स' जोडून एकट्यापुरता केलेला कायदा तो प्रिव्हिलेज. मराठींत 'खास' आणि 'खासगी' यांचें नातें असेंच आहे. यांच्या उलट पब्लिक. त्याचें मूळ 'पॉप्युलस', म्हणजे लोक. आपण त्यास सार्वजनिक म्हणतों.

या शब्दांचा कीस महाडच्या चवदार तळ्यावरून न्यायालयांत जवळजवळ दहा वर्षें पडत होता.

पोलादपुरावरून खालीं येणाऱ्या सावित्रीच्या कांठीं महाड वसलें आहे. गांवाच्या मध्यभागीं हें तळें. मुंबई कायदेकौन्सिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे करावे असें ठरविलें. महाड नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें तळें खुलें केलें. परंतु तें कागदावरच. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. मग मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला.

डिसेंबरांत सत्याग्रह पुन्हां होणार, तोंच स्पृश्य मंडळींनीं १२ तारखेस दावा लावला. तळें सार्वजनिक नव्हे, खासगी स्वरूपाचें आहे, हें त्यांचें म्हणणें. आणि मालकी न टिकली तरी पूर्वापार वहिवाट आहेच! म्हणजे प्रायव्हेट न साधल्यास प्रिव्हिलेज. प्रायव्हेशन कोणाच्या वांट्यास येणार हें अर्जांत लिहिण्याची गरज नव्हती. त्याच तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. अशा खासगीपणाचें नवल वाटावें. दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळाला व सत्याग्रह तहकूब झाला.

महाडच्या न्यायालयानें ८ जून १९३१ रोजीं दिलेला निकाल मार्मिक आहे. एका वर्गानें तळें वापरलें, दुसऱ्यानें वापरलें नाहीं, एवढें दीर्घकाळ चाललें तरी त्यांतून पहिल्या वर्गास सार्वजनिक तळ्यावर कायदेशीर हक्क प्राप्त होत नाहीं. ठाण्याचें अपील १९३३ सालीं फेटाळलें गेलें. वहिवाट अनादि असल्याचें वादी सिद्ध करूं शकले नाहींत, असें म्हणून उच्च न्यायालयाच्या ब्रूमफील्ड व वाडिया या न्यायमूर्तींनीं १७ मार्च १९३७ रोजीं अखेरचें अपीलही काढून टाकलें. तळ्यावर प्यालेल्या त्या पहिल्या ओंजळीस तेव्हां दहा वर्षें पुरीं व्हायला तीन दिवस उणे होते.