अब्बांच्या कॅसेट आणि सन १९४८

आमच्या घरी बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेट आहेत. प्रत्येकीवर आमच्या बहिणीच्या अक्षरात नंबर आणि तारीख आहे. २००३ सालचा रमजान नोव्हेंबरात होता. तरावीह आटोपून अब्बा घरी आले की चहा व्हायचा, मध्ये टेपरेकॉर्डर ठेवला जायचा आणि आम्ही तिघे भावंडे त्यांना विचारत बसायचो. ईदनंतरही हे काही महिने चालले. २००७ साली अब्बांचा इंतकाल झाला. पुढे फिती खराब व्हायला लागल्या तेव्हा त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि त्या निमित्ताने सगळ्या सलग ऐकल्या. अकरा तासांच्या बोलण्यात सप्टेंबर १९४८ फक्त चौदा मिनिटे आहे.

बाकी सगळे सूत आहे. विसाचे सूत आणि चाळिसाचे सूत बोटांनी कसे ओळखायचे, खळ पातळ झाली तर ताणा का तुटतो, धोटा हातातून सुटला तर कुणाला लागतो, पॉवरलूम आल्यावर पहिले सहा महिने रात्री कानात आवाज कसा राहतो. सोलापूरच्या चादरीविषयी तर एक अख्खी बाजू आहे. आम्ही अधूनमधून त्यांना गावाकडे वळवायला बघतो आणि ते पुन्हा मागावर जातात. ऐकताना आमची आम्हालाच लाज वाटते. म्हातारा माणूस काही सांगतो आहे आणि आम्ही त्याला तोडतो आहोत.

अब्बांचे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. आता त्या जिल्ह्याचे नाव धाराशिव आहे. गाव बाजाराचे होते, मोमिनांची चार-पाच घरे आणि त्यांना लागून कोष्ट्यांची. दोघांचाही धंदा एकच, खड्ड्याच्या मागावरचा. सावकारही एकच. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १३४६ फसली असा आहे. निजामाच्या राज्यातला हा सन. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १९४८ साली अब्बा अकरा-बारा वर्षांचे होते. उर्दूच्या चार इयत्ता झालेल्या, खिशात हाली पैसा आणि सोलापूरचा कलदार रुपया त्याहून भारी असतो एवढी अक्कल. ही सगळी माहिती पहिल्या कॅसेटवर आहे आणि ती सांगताना अब्बा खुशीत आहेत.

त्या महिन्याचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, सोलापूरकडून निघालेल्या मुख्य तुकडीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. शाळेत आम्ही हाच धडा शिकलो. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव, रझाकारांचे जुलूम, मग मुक्ती. त्यात खोटे काही नाही. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील, तेव्हा आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट परकी म्हणून झटकता येत नाही. पण 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात यावे असे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितल्याचे आठवत नाही. रझाकारांना विरोध करून जीव गमावलेला मुसलमान त्या धड्यात बसला असता, तर वर्गातल्या आमच्या बाकावर १७ सप्टेंबरचा दिवस थोडा हलका गेला असता.

आमच्या घरात 'मुक्ती' हा शब्द नव्हता. 'पुलिस ॲक्शन' होता. तोही दादी कुणी मेले की वापरायची. अमका पुलिस ॲक्शनच्या आधी गेला, तमका नंतर.

चौथ्या कॅसेटवर अब्बा म्हणतात, "जंग तो खतम हुई थी ना. चावडीपे रेडिओ पे बोल दिये. उसके बाद हुआ जो हुआ." हे वाक्य ते तीनदा बोलतात. आम्हाला तेव्हा वाटले, वयामुळे पुन्हा पुन्हा बोलतात. पुढे सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला आणि ते वाक्य वेगळे ऐकू यायला लागले.

पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या दिवसांत संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून हा अहवाल दिला. कमीत कमी धरले तरी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातूरात वीसपेक्षा जास्त दिवस कत्तल चालली आणि दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीत जेमतेम तीन हजार उरले, असे त्यात आहे. मारणारे काही ठिकाणी बाहेरून आलेल्या टोळ्या, काही ठिकाणी गावचेच लोक, आणि काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांचाही हात असल्याच्या साक्षी. सरदार पटेल या अहवालावर नाराज होते. तो बराच काळ सरकारी दप्तरात राहिला. ओमर खालिदींनी १९८८ मध्ये त्यातला भाग छापला, आणि २०१३ च्या सुमारास ए. जी. नूरानींच्या पुस्तकातून तो सर्वांच्या हाती आला. अब्बांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

आकड्यांवर वाद होतील, व्हावेत. आम्हाला त्या अहवालात थांबवले ते एका लहानशा निरीक्षणाने. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले आणि एका धंद्यातल्या लोकांत ही माया विशेष दिसली, असे समिती लिहिते. उदाहरण देते ते विणकरांचे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले.

अब्बांची चौदा मिनिटे हीच आहेत. दादांना बाजारपेठेत मारले. कुणी मारले हे अब्बा सांगत नाहीत. "भीड होती," एवढेच, आणि तेही मराठीत. दादी, फुफी आणि अब्बा मागच्या दाराने कोष्ट्याच्या घरात गेले. अब्बा त्यांना काका म्हणतात. काकांनी अब्बांना मागाच्या खड्ड्यात बसवले, वरून सुताच्या पेंड्या टाकल्या आणि स्वतः मागावर बसून विणू लागले. पाय खड्ड्यात सोडल्याशिवाय तो माग चालत नाही. म्हणजे काकांचे पाय अब्बांच्या अंगावर होते. "पैर हिलते थे, मेरेकू लगते थे, मैं कुच नै बोल्या," असे अब्बा म्हणतात आणि थोडे हसतात. नऊ दिवस. दहाव्या रात्री बैलगाडीने ते हद्दीजवळ पोचले आणि तिथून चालत सोलापूर. त्या वर्षीची बकरीद ऑक्टोबरच्या मध्यावर आली. ती सोलापुरात झाली, कुर्बानीशिवाय.

एक गोष्ट जुळत नव्हती. हे सगळे रमजानात घडले, असे अब्बा दोनदा सांगतात. आम्ही कॅलेंडर काढून बघितले. १९४८ चा रमजान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच संपला होता. सातव्या कॅसेटवर आमच्यापैकी एकाने हे त्यांना सांगितले. अब्बा बराच वेळ गप्प आहेत, चहाच्या कपाचा आवाज येतो. मग म्हणतात, "दिनभर कुच खाये नै, पानी नै पिये. रातकू काकी खाना देती थी. रोजेच थे." इतिहासाचे जाणकार अशा चुकीवरून साक्ष कमजोर ठरवतील. आम्हाला तसे करता येत नाही. दिवसभर सुताखाली न हलता बसलेल्या पोराला कुठला महिना आठवणार?

आता जे लिहायचे ते आम्ही बरीच वर्षे टाळले.

अब्बांना एक थोरला भाऊ होता. आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो, पाहिले नव्हते तरी. एकोणीस वर्षांचे. ते त्या दिवसांत नाहीसे झाले, परत आले नाहीत. मारले गेले की कराचीला गेले, दादीला शेवटपर्यंत कळले नाही. घरात त्यांचे नाव शहीदासारखे घेतले जाई. नवव्या कॅसेटवर बहिणीने सरळ विचारले, बडे अब्बा रझाकार होते का? अब्बा म्हणतात, "हौ." मग सांगतात. उन्हाळ्यात कवायत सुरू झाली, बडे अब्बांना वर्दी मिळाली, दादांनी त्यांना पट्ट्याने मारले तरी ते जात राहिले. गावाबाहेर नाक्यावर उभे राहायचे. सोलापूरहून चोरून माल येई, तो अडवायचे. एकदा काकांची गाडी अडवली आणि सुताचे गठ्ठे उतरवून घेतले. "भाई था क्या उसमें?" आम्ही विचारतो. अब्बा म्हणतात, "टेप बंद कर." आणि तिथे खट् असा आवाज आहे.

आम्ही पुन्हा विचारले नाही. विचारायला हवे होते की नाही यावर आमच्यात आजही एकमत नाही.

सोलापुरात अब्बा आधी नातेवाइकांच्या हातमागावर, मग पॉवरलूमवर लागले. उर्दू येत होती, पण कारखान्याचा हिशेब मराठीत. चहाच्या हॉटेलात वर्तमानपत्र वाचून ते मराठी शिकले आणि आम्हाला मराठी शाळेत घातले. मोहल्ल्यात त्यावरून बोलणी खाल्ली. १९९० साली मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन सोलापुरात भरले तेव्हा रजा टाकून मागच्या रांगेत जाऊन बसले. परत आल्यावर काय ऐकले विचारले तर म्हणाले, "अपने लोगां मराठी में बोल रै थे." खूश होते. पण त्यांच्या स्वतःच्या गावाकडे ते एकदाही गेले नाहीत.

आम्ही गेलो, २०१५ साली. माग कधीच गेले. कोष्ट्यांच्या घराला फरशी बसली आहे, खड्डा कुठे होता ते काकांच्या सूनबाईंनी पायाने दाखवले. तिथे आता शिलाई मशीन आहे. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्या उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. सासऱ्यांनी घरात मुसलमानाचे पोर लपवले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. सासरे कधी बोलले नाहीत. का बोलले नसतील, असे आम्ही विचारले. "गावात राहायचं होतं ना त्यांना," त्या म्हणाल्या. म्हणजे गप्प बसलेले फक्त आमचेच घर नव्हते.

त्यांनी अब्बांचा आवाज मागितला. आम्ही मोबाइलवर चौथ्या कॅसेटचा भाग दिला. नवव्या कॅसेटचा दिला नाही. मध्ये वेळ नव्हता, नेट चालत नव्हते, अशी कारणे एकमेकांना सांगत आम्ही सोलापूरला परतलो.

त्यानंतर तीन वर्षांनी नववी कॅसेटही घेऊन गेलो. ओसरीवर बसून त्यांनी ती पूर्ण ऐकली, दख्खनी कळली नाही तिथे थांबवून आम्हाला विचारले. सुताच्या गठ्ठ्यांपाशी आल्यावर त्यांनी मान हलवली. गठ्ठे गेल्याचे त्यांना माहीत होते. त्या वर्षी सासूबाईंच्या पाटल्या विकाव्या लागल्या, एवढे घरात बोलले जायचे. मग 'टेप बंद कर' आले, खट् झाले. पुढे काय म्हणाले तुमचे वडील, असे त्यांनी विचारले. पुढे कॅसेटमध्ये काही नाही, आम्ही म्हणालो. त्यांनी मोबाइल परत दिला आणि नातवाला सांगितले, पाव्हण्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको.