काशीतील एक अपुरे व्याख्यान

विद्यार्थ्यांपुढे थोर पुरुषांची व्याख्याने करविण्याची प्रथा आपल्याकडे बरीच जुनी आहे. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, वसतिगृहाचा वर्धापनदिन असो किंवा एखाद्या ज्ञातिसंस्थेचा गुणगौरव समारंभ असो. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, हारतुरे व आभारप्रदर्शन हा क्रम ठरलेलाच असतो. अशा बहुतेक भाषणांचे स्मरण दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही. परंतु एक व्याख्यान असे झाले की जे वक्त्यास पुरे करता आले नाही, ज्याच्या अखेरीस आसनावर अध्यक्षही उरले नाहीत, आणि तरीही ज्याने महाराष्ट्रातील एका तरुणाच्या आयुष्यास कायमची दिशा दिली. त्याची हकीकत आपल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी जाणून घेण्याजोगी आहे.

पंडित मदनमोहन मालवीय यांनी देशभर हिंडून, राजेरजवाड्यांपासून सामान्यांपर्यंत सर्वांपुढे झोळी पसरून काशी हिंदू विश्वविद्यालयाची उभारणी केली. श्रीमती ॲनी बेझंट यांनी सन १८९८ मध्ये काढलेले सेंट्रल हिंदू कॉलेज हे त्याचे बीज होय. दिनांक ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, वसंतपंचमीच्या मुहूर्तावर, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. त्यानिमित्त विद्वानांची व नेत्यांची व्याख्याने योजिली होती. त्यांतच ६ फेब्रुवारी रोजी मोहनदास करमचंद गांधी यांचे भाषण झाले. अध्यक्षस्थानी दरभंग्याचे महाराज होते. व्यासपीठावर अनेक संस्थानिक आणि समोर विद्यार्थ्यांचा मोठा समुदाय होता.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून जानेवारी १९१५ मध्ये परतले होते. फर्ग्युसन कॉलेजचे एके काळचे प्राध्यापक नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांस ते गुरुस्थानी मानीत. एक वर्षपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन न करता आधी देश डोळ्यांनी पाहावा, असा गोखल्यांचा त्यांस उपदेश होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले, तथापि शिष्याने ते व्रत पाळले. काशीस ते बोलावयास उभे राहिले तेव्हा मौनाचे ते वर्ष संपलेले होते.

प्रारंभीच त्यांनी आपली खंत सांगितली. या पवित्र नगरीत, आपल्याच देशबांधवांपुढे परक्या भाषेत बोलावे लागते याची त्यांस लाज वाटत होती. इंग्रजीतून ज्ञान मिळवावे लागत असल्यामुळे प्रत्येक हिंदी तरुणाची निदान सहा वर्षे वाया जातात, असे पुण्याच्या काही प्राध्यापकांनी त्यांस सांगितले होते. त्याचा दाखला त्यांनी तेथे दिला. पुढे ते विश्वनाथाच्या मंदिराभोवतालच्या गल्ल्यांतील घाणीबद्दल आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आपण जी अस्वच्छता करतो तिच्याबद्दल बोलले. सुशिक्षित म्हणविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वागणुकीसही त्यांनी सोडले नाही. देशाच्या दारिद्र्याची भाषणे करणारे राजे अंगभर रत्ने मिरवितात, या विसंगतीवरही त्यांनी बोट ठेविले. शेतकऱ्याच्या श्रमाचे फळ जोवर इतरजण घेत आहेत तोवर स्वराज्याची भाषा पोकळ, हा त्यांचा आशय होता.

त्यानंतर व्हाइसरॉयच्या रक्षणार्थ शहरभर पेरलेल्या गुप्त पोलिसांचा विषय निघाला आणि त्यावरून बाँब टाकणाऱ्या तरुणांचा. त्यांचे देशप्रेम व धैर्य गांधीजींनी मान्य केले. पण त्यांचा मार्ग मात्र स्पष्टपणे नाकारिला. तेवढ्यात व्यासपीठावरून बेझंटबाईंनी त्यांस थांबण्यास सांगितले. विद्यार्थी चालू ठेवा म्हणून ओरडत होते. वक्त्याने अध्यक्षांची आज्ञा विचारली, खुलासा केला आणि पुन्हा बोलण्यास आरंभ केला. परंतु संस्थानिक एकामागून एक उठून गेले, अध्यक्षांनीही आसन सोडले आणि सभा तेथेच मोडली.

येथे बेझंटबाईंस केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. नवी संस्था उभी करताना किती कष्ट पडतात व कोणाकोणाची मर्जी सांभाळावी लागते, हे त्या जाणून होत्या. सरकारचा कोप ओढवला तर कालपरवा रोविलेल्या रोपट्याचे काय होईल, ही भीती निराधार नव्हती. संस्था चालविणाऱ्या प्रत्येकास हा पेच कधी ना कधी पडतोच: पाहुण्याने गोड बोलावे की खरे बोलावे?

या प्रश्नाचे उत्तर काही आठवड्यांतच मिळाले. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेला व बडोद्यास शिकलेला विनायक नरहरि भावे हा वीस वर्षांचा तरुण २५ मार्च १९१६ रोजी इंटरमीजिएटच्या परीक्षेकरिता मुंबईस निघाला. पण वाटेत सुरतेस उतरून त्याने काशीचा रस्ता धरिला. आपली प्रशस्तिपत्रके त्याने आधीच आईसमोर चुलीत टाकिली होती. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती अशा दोन ओढी त्याच्या मनात होत्या. काशीत त्या भाषणाची चर्चा अजून चालूच होती. त्याचा वृत्तांत वाचून त्याने गांधीजींस पत्राने शंका विचारिल्या. उत्तरे आली, नव्या शंका गेल्या. शेवटी प्रत्यक्ष आश्रमात येण्याचे निमंत्रण आले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. हाच तरुण पुढे विनोबा म्हणून जगास ठाऊक झाला. सन १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली. आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांच्याच हातून भूदानाचा आरंभ झाला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की विनोबा त्या मंडपात नव्हतेच. जे उठून गेले त्यांनी भाषण ऐकिले होते, आणि ज्याला ते लागू पडले तो शेकडो मैल दूर होता. म्हणून व्याख्यानाचे यश टाळ्यांवरून मोजू नये, आणि सभा बिघडली म्हणून ते व्यर्थ गेले असेही समजू नये. आपल्या समारंभांस पाहुणे बोलाविताना त्यांच्या पदव्यांबरोबरच त्यांच्या निर्भयतेचीही चौकशी करावी. आपल्या मुलांपुढे कोणी कटू सत्य बोलू लागला, तर आपण वडीलधाऱ्यांनी घाईने घंटी वाजवू नये. ते शब्द कोणत्या घरातील कोणत्या मुलास उपयोगी पडतील, हे त्या क्षणी कोणासही सांगता येत नाही.